जागलीचे पैसे

मा. अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस,

हे पत्र आरोग्यमंत्र्यांना जायला हवे, असे घरातल्यांचे मत पडले. मी ते मानले नाही. दुर्गम भागात डॉक्टर वेळेवर पोचायला हवा, हे आरोग्य खात्याला कुणी पटवून द्यायची गरज नाही. त्या खात्यातल्या माणसांनी माझ्यापेक्षा जास्त नाले ओलांडले आहेत. अडते ते पुढे. फाइल तुमच्याकडे येते आणि रुग्ण थोडे, खर्च मोठा, असा हिशेब मांडला जातो. तो हिशेब ज्या पद्धतीने मांडला जातो ती पद्धतच चुकीची आहे, असे मला वाटते, आणि ते तुम्हाला सांगायचे आहे.

मी निवृत्त भूलतज्ज्ञ आहे. उमेदीची बहुतेक वर्षे नागपुरात ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. त्याआधी सरकारी सेवेच्या बाँडचे दिवस दक्षिण गडचिरोलीतल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले. तिथे मी एक शब्द शिकलो, जागल. धान निसवू लागले की रानडुकरे येतात. मग शेतात मचाण बांधतात नाहीतर कुडाची खोपी उभारतात, आणि घरातले कुणीतरी रोज रात्री तिथे जागायला जाते. डुक्कर आले तर डबा वाजवायचा, आरोळी ठोकायची. नाही आले तर जागत बसायचे. ज्या घरात माणूस नाही ते गडी लावतात आणि त्याला पैसे देतात. किती डुकरे हाकलली हे त्याला सकाळी कुणी विचारत नाही. एकही आले नाही म्हणून कुणी पैसे कापत नाही. पैसे जागण्याचे असतात.

साहेब, माझे म्हणणे खरे म्हणजे एवढेच आहे. पण एवढ्यावर तुम्ही सही करणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

भाद्रपदातली पहाट होती. एक माडिया आदिवासी बाप आपल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून आरोग्य केंद्रात आला. दोघे जागलीला गेले होते. मुलगा खोपीत जमिनीवर झोपला. मध्यरात्रीनंतर त्याचे पोट दुखू लागले, मग उलट्या झाल्या. बापाला वाटले काहीतरी खाण्यात आले. गावातल्या पुजाऱ्याने अंगारा लावला. उजाडता उजाडता मुलाच्या पापण्या खाली आल्या, लाळ गिळता येईना, तेव्हा कुणीतरी म्हणाले, मण्यार.

मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही. खूण शोधून सापडेलच असे नाही. सूज नाही, रक्त नाही. विष नसांच्या टोकांवर बसते आणि एकेक स्नायू गप्प करत जाते. आधी डोळे, मग घसा, मग मान, शेवटी श्वास. प्रतिविष लवकर दिले तर चांगलेच, पण एकदा नसांना धरलेले विष ते सोडवू शकत नाही. त्यानंतर उपाय एकच उरतो. त्या माणसाचा श्वास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा, विष ओसरेपर्यंत, कधी काही तास, कधी काही दिवस. तेवढे झाले तर माणूस उठून चालत घरी जातो. हृदय धड असते, मेंदू धड असतो. फक्त छाती हलवायला कुणीतरी लागते.

मुलगा निळा पडत चालला होता. मी त्याच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि फुगा दाबायला सुरुवात केली. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती नळी मला घालता आली याचे कारण तिथे येण्याआधी मी सहा महिने भूलशास्त्रात हाउसमनशिप केली होती. माझ्या आधी तिथे असलेला मित्र नेत्रविभागातून आला होता, नंतर आलेला त्वचाविभागातून. दोघेही माझ्याहून हुशार. पण त्या मुलाला मण्यार त्यांच्या वर्षी चावली असती तर तो केंद्राच्या व्हरांड्यातच गेला असता. तो जगला तो योगायोगाने, आणि योगायोगाला लेखाशीर्ष नसते.

पुढचा दिवस जीपमध्ये गेला. मुलगा मागच्या फळीवर, मी त्याच्या डोक्याशी फुगा दाबत, शेजारी बाप, पुढे ड्रायव्हर आणि शिपाई. वाटेत नाला भरून वाहत होता. त्याच्या काठावर आम्ही पाऊण दिवस थांबलो. मिनिटाला पंधरा-सोळा वेळा फुगा दाबायचा. माझे हात गेले की बाप, बापाचे गेले की शिपाई, मग पुन्हा मी. बापाला मराठी तुटक येत होते. त्याला मी छाती दाखवली, वर आली पाहिजे, खाली गेली पाहिजे. तो माझ्यापेक्षा चांगला दाबायचा. धान कांडणाऱ्याच्या हाताला लय असते.

त्या काठावर माझ्या मनात हेलिकॉप्टर आले नव्हते. तिथे कुणाच्याच मनात येत नसे. आज येते, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

आजची स्थिती तीस वर्षांपूर्वीची नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. 2014 पासून राज्यात 108 ची सेवा आहे, 937 रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली. हेमलकशाला लोकबिरादरीचा दवाखाना 1973 पासून उभा आहे. रस्ते पुष्कळ सुधारले. पण गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा, त्याचा तीन-चतुर्थांश भाग जंगल, आणि 2011 च्या जनगणनेत माणसे पावणेअकरा लाखांच्या आत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड आजही जगापासून तुटते, एका पावसाळ्यात अनेकदा. 2024 च्या पावसाळ्यातल्या दोन बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. जुलैत भामरागड तालुक्यातल्या एका गर्भवतीला नाला ओलांडण्यासाठी जेसीबीच्या बकेटमध्ये बसवावे लागले. सप्टेंबरच्या पुरात त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गर्भवतीला पोलिसांच्या हेलिकॉप्टरने गडचिरोलीला आणले. पहिल्या बातमीवर लोक हळहळले, दुसरीवर टाळ्या वाजल्या. जेसीबीचा ड्रायव्हर आणि हेलिकॉप्टरचा पायलट, दोघांनाही माझा सलाम आहे. पण वाहन कुठलेही असो, मी भूलतज्ज्ञ असल्यामुळे माझा प्रश्न ठरलेला असतो. सोबत कोण होते? वाटेत रक्तस्राव सुरू झाला असता तर कुणाच्या हातात काय होते?

हेलिकॉप्टर बाहेरून दिसते. त्याचे उद्घाटन होते, त्याच्यासमोर नारळ फोडता येतो, त्याच्या पोटावर योजनेचे नाव रंगवता येते. डॉक्टरच्या पोटावर काही रंगवता येत नाही. म्हणून ‘एअर अँब्युलन्स’ हा शब्द निघाला की चर्चा किती आसनी, कुठल्या कंपनीचे, भाड्याने की विकत, याभोवती फिरते. खासगी एअर अँब्युलन्स आज आहेतच. ज्याच्याकडे काही लाख रुपये आहेत त्याला त्या एका मोठ्या रुग्णालयातून दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात नेतात. तो वेगळा व्यवसाय आहे. मी बोलतो आहे ते उलट दिशेच्या प्रवासाबद्दल. रुग्णाला दवाखान्याकडे नेण्याआधी दवाखाना रुग्णाकडे नेणे. जीव बहुतेक वेळा पहिल्या तासाभरात वाचतो किंवा जातो. त्या वेळी नळी घालणारा, छातीत अडकलेली हवा बाहेर काढणारा, रक्त चढवणारा, बाळ आडवे आहे हे हाताने ओळखणारा माणूस तिथे लागतो. त्याच्याविना हेलिकॉप्टर म्हणजे पंखा लावलेली जीप.

या कल्पनेचा जन्म कसा झाला तेही पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातले पाद्री जॉन फ्लिन मुलखाच्या आतल्या ओसाड भागात काम करत होते. तिथल्या गुराख्यांना आणि वसाहतवाल्यांना डॉक्टर शेकडो मैलांवर. 1917 मध्ये क्लिफर्ड पील नावाच्या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने, जो वैमानिक होऊन महायुद्धावर निघाला होता, फ्लिनना पत्र लिहिले की विमान वापरून डॉक्टर पोचवता येईल. पुढच्याच वर्षी तो फ्रान्समध्ये मारला गेला. पत्र राहिले. फ्लिननी दहा वर्षे पैसे जमवले. एका उद्योगपतीच्या मृत्युपत्रातून 2,000 पौंड आले आणि 1928 च्या मे महिन्यात क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरी गावाहून पहिले उड्डाण झाले, तेही एका वर्षाचा प्रयोग म्हणून. आता मुद्दा बघा. त्यांनी विमान घेतले नाही. विमान आणि पायलट तेव्हाच्या बाल्यावस्थेतल्या क्वांटास कंपनीकडून मैलाला दोन शिलिंग दराने भाड्याने घेतले. नेमला तो डॉक्टर. सेंट व्हिन्सेंट वेल्च हे सिडनीतले शल्यविशारद आपली प्रॅक्टिस सोडून त्या धुळीत गेले. पहिल्या वर्षात 50 उड्डाणे झाली आणि 225 रुग्ण पाहिले गेले. खर्चाला रुग्णसंख्येने भागणारा कुणी त्या वेळी तिथे असता तर प्रयोग दुसरे वर्ष पाहताच ना. आज तीच रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस त्या खंडाच्या आतल्या भागाचा आधार आहे. तिचा खर्च केंद्र आणि राज्य सरकारांचा पैसा आणि लोकांच्या देणग्या यांवर चालतो. फ्लिन यांचे चित्र तिथल्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. 

दुसरे उदाहरण माझ्या जास्त जवळचे आहे, कारण ते माझ्याच जातीच्या, म्हणजे भूल आणि तातडीच्या उपचारांच्या डॉक्टरांनी उभे केले. स्कॉटलंडचा पश्चिम किनारा बेटांचा आणि खाड्यांचा आहे. तिथे लहान दवाखाने आहेत. एखादा फॅमिली डॉक्टर, दोन-चार नर्स, आणि बाहेर समुद्र. गंभीर रुग्ण आला की तो डॉक्टर नेमका माझ्यासारखा एकटा पडायचा. 2004 मध्ये ग्लासगो परिसरातल्या काही वरिष्ठ डॉक्टरांनी आर्गाइल भागापुरता एक उपक्रम काढला. फोन आला की आम्ही येतो. सुरुवातीचे बरेचसे काम स्वखुशीचे होते. हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सेवेचे आधीपासून होतेच. नवी होती ती आत बसणारी माणसे आणि त्यांची पिशवी. सरकारने 2008 मध्ये दीड वर्षाच्या चाचणीसाठी पैसे दिले, फरक पाहिला आणि 2010 मध्ये ती सेवा कायमची केली. आज ती त्यांच्या सरकारी आरोग्य सेवेचा भाग आहे. रुग्णाला बिल येत नाही.

या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग उडतच नाही. तो फोन आहे. बेटावरचा डॉक्टर एका नंबरवर फोन करतो आणि दुसऱ्या टोकाला अनुभवी तज्ज्ञ असतो, त्या क्षणी, कुणाला शोधावे न लागता. हेलिकॉप्टर निघायच्या आधी उपचार सुरू झालेले असतात. पुष्कळदा निघावेच लागत नाही. कधी हवा वाईट म्हणून ते मोटारीने जातात, कधी साध्या विमानाने. पण फोनवरचा माणूस कायम जागा असतो. मला त्या व्हरांड्यात असा आवाज मिळाला असता तर! केंद्रात फोन होता, बऱ्याचदा चालूही असायचा. पण मी कुणाला लावणार होतो? जिल्ह्याच्या गावी ज्याला लावला असता त्याने ‘पाठवून द्या’ म्हटले असते. ‘पाठवून द्या’ हे आपल्या रेफरल व्यवस्थेचे संपूर्ण सार आहे.

इंग्लंडचे उदाहरण देऊन काही लोक सांगतात की तिथे हे सगळे धर्मादाय संस्था चालवतात, सरकार कशाला? बरोबर आहे. लंडनची हवाई रुग्णवाहिका 1989 पासून आहे. तिच्या डॉक्टरांनी रस्त्याच्या कडेला छाती उघडून माणसे वाचवली आहेत आणि 2012 पासून ते सोबत रक्त घेऊन जातात. जगभरचे डॉक्टर तिथे शिकायला जातात, आणि ती संस्था देणग्यांवर चालते. तिकडच्या अशा अनेक संस्था तर लॉटरीची तिकिटे विकून इंधन भरतात. स्वित्झर्लंडची रेगा ही 1952 ची संस्था. तिथले पस्तीस लाखांहून अधिक लोक वर्षाला सुमारे 40 फ्रँक वर्गणी भरतात. म्हणजे देशातला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग. त्या बदल्यात प्रत्येक हेलिकॉप्टरमध्ये डॉक्टर असतो. फार सुंदर व्यवस्था आहे. पण ज्यांच्यासाठी ती आहे ते स्वतः वर्गणीदार होऊ शकतात. आल्प्समध्ये पाय मोडून घेणारा स्वतःच्या स्कीचे पैसे भरून आलेला असतो. आपल्या माडिया बापाकडून वर्षाला किती घ्यायचे? आणि मुंबईकर, पुणेकर मध्यमवर्ग भामरागडसाठी लॉटरीची तिकिटे घेईल, असे मला वाटत नाही. मी त्याच वर्गातला आहे, म्हणून बोलतो.

घरचे उदाहरण उत्तराखंडचे. ऋषिकेशच्या एम्सची ‘संजीवनी’ ही हेलिकॉप्टर सेवा 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. डॉक्टरला सोबत घेऊन जाणारी ही व्यवस्था योग्य दिशेची होती. 2025 च्या मे महिन्यात केदारनाथला रुग्ण आणायला गेलेले ते हेलिकॉप्टर उतरताना आदळले. सुदैवाने आतले सगळे वाचले. मला त्यातून ‘बघा, हे धोक्याचे आहे’ असे म्हणायचे नाही. ते धोक्याचे आहेच. म्हणायचे आहे ते हे, की सेवा एका यंत्राशी बांधली तर यंत्र मोडले त्या दिवशी सेवा मोडते. यंत्र कंत्राटात घ्या, बदली यंत्राच्या अटीसह, म्हणजे ते मोडले तर दुसरे येईल. डॉक्टरांची फळी मात्र आपली हवी. ती दोन दिवसांत भाड्याने मिळत नाही.

आता हिशेब. वर्षाचे तास 8,760. एक डॉक्टर आठवड्याला 48 तास काम करतो, आणि रजा, सण, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता वर्षाला 44 आठवडे हाताशी येतो असे धरू. म्हणजे 2,112 तास. एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला चार डॉक्टर कमी पडतात, पाच लागतात. तितकेच प्रशिक्षित नर्स किंवा पॅरामेडिक. म्हणजे जागणाऱ्या एका जोडीमागे दहा माणसे. हे दहा पगार उड्डाण झाले तरी द्यायचे आणि महिनाभर एकही फोन आला नाही तरी द्यायचे. तुमच्या खात्याला इथेच खटकते, आणि मला तुमची अडचण कळते. आपल्या सगळ्या योजना केसगणिक पैसे देतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनचा दर आहे, अतिदक्षता विभागाच्या दिवसाचा दर आहे. जागण्याचा दर कुठल्याच पॅकेजमध्ये नाही. मग काय होते? उड्डाणागणिक पैसे दिले तर कंत्राटदार उड्डाणे वाढवतो, गरज नसताना उडतो. आणि वर्षाअखेरीस खर्च रुग्णसंख्येने भागला तर आकडा इतका मोठा येतो की योजना बंद पडते. दोन्ही बाजूंनी नुकसान तुमचेच. जागल्याला डुकरागणिक पैसे दिले असते तर एकतर त्याने डुकरे पाळली असती, नाहीतर शेत सोडले असते.

या दहा माणसांना जंगलातल्या तळावर कायमचे बसवायचे, असेही मी म्हणत नाही. तसे केले तर जागा भरल्या जाणार नाहीत, आणि भरल्या तरी आठवड्याला एक-दोन गंभीर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरचा सराव जातो. हे मी अनुभवाने सांगतो. नळी घालणे सायकलसारखे नसते, महिनाभर केले नाही तर बोटे चाचपडतात. स्कॉटलंडवाले आपापल्या मोठ्या रुग्णालयात काम करतात आणि पाळीपाळीने या सेवेवर येतात. नागपूर आणि चंद्रपूरच्या शासकीय महाविद्यालयांतले भूलतज्ज्ञ आणि तातडीच्या उपचारांचे डॉक्टर तसे येऊ शकतील. तातडीच्या उपचारांची एमडी पदवी आपल्या देशात 2009 पासून मान्य आहे, तरुण मुले ती घेत आहेत आणि खासगी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत रात्री काढत आहेत. त्यांना दरमहा एक आठवडा या कामावर बोलवा, त्याचे वेगळे पैसे द्या, विमा द्या, आणि त्यांनी अंधारात उड्डाणाला नकार दिला तर त्यांच्यावर नोटीस बजावू नका. शेवटचे वाक्य वित्त विभागाचे नाही. तरी ते फाइलवर राहू द्या.

हेलिपॅडची अडचण वाटते तेवढी नाही. गडचिरोलीत पोलीस मदत केंद्रांच्या जवळ जागोजागी हेलिपॅड आहेत. निवडणुकीत मतदान पथके आणि यंत्रे हेलिकॉप्टरने जातात आणि सुखरूप परत येतात. जखमी जवानांना पोलिसांचे हेलिकॉप्टर नागपूरला पोचवते. म्हणजे त्या जंगलावरच्या आकाशाचा रस्ता शासनाला माहीत आहे. फक्त त्यावरून काय काय न्यायचे, याची यादी अपुरी आहे.

आता माझ्या विरोधातले मुद्दे. ते मला माझ्याच मित्रांनी सुनावले आहेत.

पहिला, हा श्रीमंती चोचला आहे. आधी आरोग्य उपकेंद्रात सेविका द्या, मलेरियाच्या गोळ्या द्या. या मुद्द्यापुढे मी मान झुकवतो, कारण तो गडचिरोलीनेच जगाला शिकवला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि बाळांचे मृत्यू तुलनेतल्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाल्याचा शोधनिबंध 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावरचा उपचार खेड्यातच करता येईल असा शोधला. मोठे दवाखाने न बांधता त्यांनी हजारो जीव वाचवले. दोघांचेही सूत्र एकच होते, रुग्ण जिथे आहे तिथे उपचार न्या. मी मागतो ते त्याच सूत्राचे दुसरे टोक आहे. सेविकेच्या पगारातला एक रुपया काढून हेलिकॉप्टरवर घालणार असाल तर हे पत्र फाडून टाका. पण सेविकेने ओळखलेला, तिच्या हातात न मावणारा रुग्ण पुढे कुणाच्या हातात द्यायचा, हे तिलाही कळले पाहिजे. नाहीतर ती ओळखून काय करणार?

दुसरा, पूल बांधा. बांधाच. पूल झाला की माझी अर्धी उड्डाणे वाचतील, मला आनंदच आहे. पण पुलावरून गेले तरी भामरागडपासून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे.

तिसरा मुद्दा खरा कठीण आहे. ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज, म्हणजे पुराच्या दिवशी, ढग झाडांना टेकलेले असतात आणि हेलिकॉप्टर उडू शकत नाही. रात्रीही बहुधा नाही. आपल्याकडची अशी उड्डाणे मुख्यतः दिवसाउजेडी, डोळ्यांना दिसेल तेवढ्यावर होतात. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धे उत्तर हे, की म्हणूनच पैसे यंत्रावर न घालता माणसांवर घाला. उडता आले नाही तर तीच जोडी जीपने निघेल, डोंग्याने पाणी ओलांडेल. नर्मदेच्या काठी, नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यात तरंगता दवाखाना बोटीतून चालतोच, आणि तिथल्या डोंगरातून रुग्ण आजही बांबूच्या झोळीत उतरतो. आणि जिथे तेही शक्य नाही तिथे निदान फोनवर जागा असलेला तज्ज्ञ असेल. औषधे आणि रक्ताच्या पिशव्या ड्रोनने नेता येतील. पालघरमध्ये जव्हारहून झाप गावी लसी ड्रोनने पोचवल्याला आता काही वर्षे झाली. 2021 ची गोष्ट आहे ती.

पैसा कुठून? राज्याच्या अर्थसंकल्पात आदिवासी घटक कार्यक्रम आहे. एटापल्लीच्या सूरजागडमधून लोहखनिज निघते, आणि 2015 च्या कायदाबदलानंतर खाणीच्या रॉयल्टीवर आणखी 10 किंवा 30 टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जाते. आरोग्य हे त्या निधीच्या अग्रक्रमाच्या विषयांत मोडते. त्या डोंगरातून लोखंड काढून नेणारे ट्रक ज्या रस्त्यांवरून जातात, त्याच रस्त्यांवर अपघात होतात. त्या निधीतून उपकरणे घ्या, प्रशिक्षण द्या, तळ बांधा. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून मॉनिटर घ्या, फोटो काढू द्या. पण पगार त्यातून देऊ नका. पगाराला स्वतंत्र लेखाशीर्ष हवे, दरवर्षी मार्चमध्ये आपोआप येणारे, पुरवणी मागण्यांत न अडकणारे. ज्या जागल्याला उद्याचे पैसे मिळतील की नाही हे माहीत नसते, तो आज रात्री झोपतो.

एक आकडा मात्र मी तुमच्याकडे मागतो. गेल्या पाच वर्षांत दक्षिण गडचिरोलीतून रेफर केलेले किती रुग्ण वाटेत दगावले? आरोग्य खात्याला ही माहिती गोळा करायला सांगा, आणि ती मिळत नसेल तर का मिळत नाही हेही विचारा. खर्चाला भागायला छेद कोणता घ्यायचा, ते त्यानंतर ठरवू.

त्या मुलाचे राहिले. संध्याकाळी नाला उतरला आणि रात्री आम्ही व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात पोचलो. चौथ्या दिवशी त्याने बोट हलवले, सातव्या दिवशी नळी काढली. निघण्यापूर्वी तो बापाला माडियात काहीतरी सांगत होता आणि बाप माझ्याकडे बघत होता. मण्यारीच्या विषात माणूस शुद्धीवर असतो, हे मी पुस्तकात वाचले होते, पण त्या काठावर मी ते विसरलो होतो. डोळे मिटलेले, हातपाय लुळे. तो काही ऐकत असेल असे मनातही आले नव्हते. मी शिपायाला विचारले, पोरगा काय म्हणतो? शिपाई म्हणाला, त्याला सगळे ऐकू येत होते. तुम्ही घडोघडी विचारत होता, पाणी उतरले का. आणि दर वेळी कुणीतरी म्हणायचे, नाही.

आपला,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ,
नागपूर